पेठेसारखी वस्ती आज नव्याने बांधता येते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात एका छोट्या आर्किटेक्टच्या ऑफिसात प्लॅन काढायचं काम करतो आणि त्यातले निम्मे तरी पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या रिडेव्हलपमेंटचे असतात. लहानपण कसबा पेठेत गेलं, तांबट आळीपासून दोन बोळ सोडून, त्यामुळे दुपारची झोप तांब्यावरच्या ठोक्यांवरच लागायची. लग्नात, सोसायटीच्या मीटिंगला, चहाच्या टपरीवर, कुठेही गेलो की लोक फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पारंपरिक वस्ती म्हणजे वाडाच ना? कमानी, लाकडी खांब वगैरे?

नाही हो, इथेच तर सगळा घोळ होतो. एंट्रन्सला कमान, लॉबीत पितळी समई आणि टॉवरच्या नावात 'वाडा' घातलं की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. खांब सागवानी आहे का आरसीसीचा याने वस्तीला काडीचा फरक पडत नाही. तळमजल्यावर माणसं आहेत का गाड्या, घराचं दार रस्त्यापासून किती लांब, दूध-भाजी-शाळा पायी किती लांब, आणि एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत आरपार जाता येतं का, हे बघा. हे जमलं असेल तर वरून काचेची बिल्डिंग का असेना, मी तिला पेठच म्हणेन.

पेठा काय कोणी प्लॅन केल्या होत्या? त्या तर अशाच वाढल्या असतील.

कसबा सगळ्यात जुना, तो वाढत वाढत गेला. पण बाकीच्यांतल्या बऱ्याचशा चक्क वसवलेल्या आहेत. सरकार एखाद्याला पेठ वसवायचा कौल, म्हणजे परवानगी द्यायचं, सुरुवातीची काही वर्षं करात सूट, शेटे-महाजन नेमायचे, मग व्यापारी आणि कारागीर येऊन जागा धरायचे. नाना पेठ नाना फडणवीसांच्या नावाची, रास्ता पेठ सरदार रास्त्यांची आणि तिचं मूळ नाव शिवपुरी, सदाशिव पेठ जिथे आहे तिथे आधी नायगाव नावाचं गाव होतं. म्हणजे आजच्या भाषेत टाउनशिपच की, फक्त ब्रोशर नव्हतं.

आणि पाण्याची सोय बघा. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालून नळ आणला, मध्ये मध्ये हवा जायला उच्छ्वास आणि शहरात ठिकठिकाणी हौद, पंप-बिंप काही नाही, सगळं उतारावर. आता आपण आधी फ्लॅटचा ताबा घेतो आणि मग टँकरवाल्याचा नंबर सेव्ह करतो.

ते पाच मिनिटं, पंधरा मिनिटं काय प्रकरण आहे?

माणूस कंटाळा न करता साधारण ४०० मीटर चालतो, म्हणजे पाच मिनिटं, हा त्यामागचा हिशोब. अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी नावाच्या प्लॅनरने १९२९ मध्ये मांडलं होतं की वस्तीच्या मधोमध शाळा ठेवा, मोठे रस्ते वस्तीच्या कडेने न्या आणि पोराला शाळेत जाताना हायवे ओलांडायला लागू नये. पुढे तिकडे उपनगरं इतकी पसरली की पावाची लादी आणायलाही गाडी काढायची वेळ आली, तेव्हा १९८० च्या दशकात काही आर्किटेक्ट लोकांनी जुन्या गावांची मापं काढून नव्या वस्त्या बांधायला घेतल्या. फ्लोरिडातलं सीसाइड हे त्यातलं गाजलेलं नाव, आंद्रेस दुआनी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क या जोडीने त्याचा प्लॅन केला, जेमतेम ८० एकरांचं गाव. पॅरिसच्या तेव्हाच्या महापौरबाईंनी २०२० च्या निवडणुकीत पंधरा मिनिटांचं शहर म्हणून जे गाजवलं तेही याच जातकुळीतलं.

आमच्या घरून वाणी एक मिनिटावर, पिठाची गिरणी दोन, शाळा चार, आणि मंडई रमतगमत दहा. कोणी स्टॉपवॉच लावून हे डिझाइन केलं नव्हतं हे खरं, पण सगळे पायीच फिरत होते म्हटल्यावर वस्ती तेवढीच पसरणार.

जुन्या घरांच्या दारापुढच्या ओट्याचं एवढं काय कौतुक? बसायची जागा तर आहे ती.

बसायचीच जागा, पण कुणाची ते सांगा बघू. ओटा घराचा असतो पण बसतो रस्ता. साधारण दीड फूट उंच, दोन फूट खोल, एवढंच ते काम, आणि त्याच्यासारखी तिसरी जागा आमच्या आजच्या प्लॅनमध्ये कुठेच नाही.

समोरच्या काकू दुपारी चारला ताटात तांदूळ घेऊन ओट्यावर निवडायला बसायच्या. खडे शोधता शोधता कोण आलं कोण गेलं हे त्यांच्या डोळ्यांखालून जायचं. पोस्टमन वरती चढायचाच नाही, सगळ्या वाड्याची पत्रं काकूंकडे. गणितात अडलेलं एखादं पोरगं शेजारी येऊन बसायचं, कल्हईवाला तिथेच भाता लावायचा, आणि कोणाची सून माहेरून कधी आली हे काकूंना तिच्या सासूच्या आधी कळायचं (हे सुनेला आवडायचं असं मी म्हणत नाही). यात कोणी कोणाला 'या, बसा' म्हणून आत बोलवलेलं नाही, चहा टाकावा लागलेला नाही, तरी अर्धी गल्ली भेटून गेली. घरात बोलवणं वेगळं आणि ओट्यावर टेकणं वेगळं. नव्या फ्लॅटमध्ये या दोन्हींच्या मधलं काहीच नसतं, सेफ्टी डोअर एकदम लिफ्टसमोर.

आता प्लॅनमध्ये घर आणि रस्त्याच्या मधल्या जागेला आम्ही फ्रंट मार्जिन म्हणतो. त्याला पुढून कंपाउंड वॉल. कागदावर मोकळी जागा, प्रत्यक्षात तिथे कचऱ्याचे डबे, डीपी बॉक्स आणि कोणाची तरी पंक्चर झालेली अॅक्टिव्हा. ती जागा घराचीही राहत नाही आणि रस्त्याचीही नाही.

मग वाडे पाडून ज्या बिल्डिंगी झाल्या त्यात नेमकं चुकलं काय? उंची?

उंचीला सगळे शिव्या घालतात, पण माझ्या मते वाट लावली ती तळमजल्याने. वाड्याचा प्लॉट असतो अरुंद आणि खोल, रस्त्याला २५-३० फूट आणि मागे लांबच्या लांब. फ्लॅटमागे पार्किंग द्यायचंच आहे, बेसमेंट परवडत नाही, रॅम्पला जागा नाही, मग अख्खा तळमजला खांबांवर उचलायचा आणि खाली गाड्या. एका वाड्याने असं केलं तर काही नाही. गल्लीतल्या बारापैकी आठ वाड्यांनी केलं की काय होतं ते संध्याकाळी सातनंतर जाऊन बघा. जिथे आधी दारं होती, कंदील मग बल्ब मग ट्यूब, कोणीतरी जिन्यात उभं, तिथे आता लोखंडी जाळी आणि आत अंधारात उभ्या गाड्या, तुम्ही जवळून गेलात की सेन्सरचा दिवा लागतो आणि गेलात की विझतो. माणसं आहेत, उलट आधीपेक्षा जास्त आहेत, पण सगळी दहा फुटांच्या वर.

एका कामात मी पुढच्या बाजूला दोन छोटी दुकानं आणि तीन फुटांचा ओटा काढला होता, पार्किंग मागे सरकवून, नियमात सगळं बसत होतं. बिल्डरने प्लॅन उलटा सुलटा करून बघितला आणि म्हणाला, "छान आहे, पण ओटा विकता येत नाही ना." दुकानं राहिली, ओट्याच्या जागी स्टीलचं रेलिंग आलं, म्हणजे कोणी टेकायलाही नको. त्याला मी वाईट माणूस म्हणत नाही, त्याचा हिशोब स्क्वेअर फुटाचा आहे आणि ओट्याचा दर कोणी काढलेलाच नाही.

अरुंद गल्ल्यांचं काय? अॅम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड आत जात नाही त्याचं?

हा प्रश्न बरोबर आहे आणि याला आठवणींनी उत्तर देता येत नाही. लाकडी तुळया, शेजारी शेजारी भिंती, खाली कापडाचं किंवा रंगाचं गोदाम, आग लागली की फार वाईट होतं. छोट्या गाड्या, गल्लीच्या तोंडाशी हायड्रंट, वाड्यांची जुनी वायरिंग बदलणं असले कंटाळवाणे उपाय जगभरची जुनी शहरं करतात, ते आपल्याकडेही करायला हवेत आणि काही ठिकाणी बोळ मोठा करावाच लागेल.

पण रस्ता रुंद करायची कारणं नेहमी आगीचीच असतात असं समजू नका. २०२० मध्ये पुणे महापालिकेत ६ मीटरचे सव्वातीनशेच्या आसपास रस्ते ९ मीटर करायचा प्रस्ताव आला होता, आणि त्यातली ग्यानबाची मेख अशी की ९ मीटरच्या खालच्या रस्त्यावर टीडीआर (दुसरीकडे जमीन देऊन मिळालेला जादा बांधकामाचा हक्क) वापरता येत नव्हता. रस्ता रुंद झाला की वर मजले चढवता येतात, मजले चढले की गाड्या वाढतात, आणि तीन मीटर जे मिळाले त्यात दोन्हीकडून गाड्या लावल्या की अॅम्ब्युलन्स परत तिथेच अडकते. अरुंद गल्लीत गाडी आपोआप हळू जाते, उन्हाळ्यातही दुपार कलली की एका बाजूला सावली असते आणि पोरं क्रिकेट खेळू शकतात, हे फायदे रुंदीकरणाच्या फायलीत कुठल्याच रकान्यात नसतात.

पेठेत सगळं गोड होतं का? जातीचं काय?

नव्हतं गोड. आळ्या व्यवसायाच्या होत्या असं आपण म्हणतो, तांबट आळी, बुरूड आळी, कासार आळी, पण व्यवसाय म्हणजे जातच. कोणाचा वाडा पेठेच्या मध्यावर आणि कोणाची वस्ती कडेला हे आधीच ठरलेलं. वर ज्या हौदांचं मी कौतुक केलं ते सगळ्यांसाठी नव्हते. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, म्हणजे एक माणूस आपल्याच अंगणातलं पाणी देतो ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती ते बघा. ती पेठ आज महात्मा फुले पेठ आहे. टोपलीच्या संडासांबद्दल तर ओट्याच्या आठवणी काढणारं कोणी बोलत नाही, कारण मागच्या बोळातून ते साफ करायला येणारा माणूस ओट्यावर कधी बसलेला नसतो.

म्हणून मापं घ्या, अंतरं घ्या, ओटा घ्या. कोणी कुठे राहायचं हे ठरवायची जुनी पद्धत घेऊ नका. आणि 'फक्त व्हेज फॅमिली' लिहिणाऱ्या सोसायट्यांनी पेठेला नावं ठेवू नयेत एवढंच माझं म्हणणं.

वाडे पडायला मालकच जबाबदार नाहीत का? डागडुजी का केली नाही?

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जिथल्या तिथे थांबली. खोलीचं भाडं महिना १८-२० रुपये, बिऱ्हाडं चौदा, आणि एक तुळई बदलायचा खर्च त्या सगळ्यांच्या काही वर्षांच्या भाड्याएवढा. मालक म्हणतो मी का करू, भाडेकरू म्हणतो माझं थोडीच आहे, पावसाळ्याच्या आधी महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस भिंतीवर चिकटते आणि दोघंही ती वाचत नाहीत. २००० मध्ये नवा कायदा लागू झाला, पण तोवर पन्नास वर्षांचं पाणी लाकडात मुरलं होतं. दोन्ही बाजू माझ्या ओळखीच्या आहेत, दोघांचंही खरं आहे. नदीकाठच्या वाड्यांना तर १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर वेगळाच, कसबा, शनिवार, नारायण पेठांतली कितीतरी घरं त्या एका दिवसात गेली आणि माणसं सहकारनगर, गोखलेनगरला गेली.

महाराष्ट्रात कोणी नव्याने असं काही बांधलंय का?

बांधलंय, आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण पुण्यातलं नाहीच. नवी मुंबईत बेलापूरला आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी एक वस्ती केली, लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. कल्पना अगदी सोपी, सात घरं एका छोट्या चौकाभोवती, चौक साधारण ८ मीटर बाय ८ मीटर. असे तीन गट मिळून २१ घरांचा एक मोठा चौक, असं करत करत वस्ती वाढते. प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र, शेजाऱ्याला न विचारता खोली वाढवता यावी म्हणून. पैसे आले की वर मजला, पोराचं लग्न झालं की मागे खोली, वाड्यात पण असंच तर खणाखणाने वाढायचं.

आज तिथे गेलात तर निम्म्या घरांना ओळखणार नाही, तिमजली आरसीसी, टाइल्स, स्टीलच्या जाळ्या. आर्किटेक्चरची पोरं हळहळतात. मला विचाराल तर उलट आहे, घरं बदलली तरी मधले चौक बऱ्याच ठिकाणी टिकून आहेत, तुळस आहे, सायकली आहेत, खुर्च्या टाकून बसलेले आजोबा आहेत.

मुंबईत दादर-माटुंग्याचा भागही असाच मुद्दाम आखलेला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्यातून हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी झाली, थोड्या काळाने शिवाजी पार्क. तीन मजली घरं, झाडं, मैदान, आणि मैदानाभोवती कट्टा. शिवाजी पार्कचा कट्टा म्हणजे अख्ख्या वस्तीने मिळून वापरलेला ओटा, दुसरं काय.

पुण्यात हडपसरला मगरपट्टा सिटी आहे, तिच्याबद्दल विचारतात म्हणून सांगतो, शेतकऱ्यांनी ४०० एकरांहून जास्त जमीन विकून न टाकता एकत्र केली आणि स्वतःच भागीदार झाले, ही गोष्ट फार मोठी आहे. घर, ऑफिस, शाळा, बाग आत चालत जायच्या अंतरावर हेही खरं. पण भोवती गेट आहे, आणि गेटच्या बाहेर हडपसर आहे.

सीसाइडसारखं इथे आणलं तर?

नको. तिकडची घरं आता सुट्टीला येणाऱ्या श्रीमंतांची झाली आहेत असं तिथलेच टीकाकार म्हणतात. इंग्लंडमध्ये चार्ल्स, जो आता राजा आहे, त्याच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात डॉर्चेस्टरजवळ पाउंडबरी बांधलं, त्यालाही नाटकाचा सेट म्हणून चिडवतात, जरी तिथे घरांशेजारी दुकानं आणि छोटे कारखाने खरंच चालतात. आपल्याला मापं शिकायला तिकीट काढायची गरज नाही. अहमदाबादच्या पोळी (पोळ म्हणजे जुन्या शहरातली गल्लीबोळांची वस्ती) एका रात्रीच्या गाडीवर आहेत, २०१७ मध्ये त्या जुन्या शहराला युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, तिथला ओटलो आणि आपला ओटा सख्खे भाऊ आहेत.

पण गाडी कुठे लावायची?

पेठेत? चुलतभावाला विचारा, तो गेली नऊ वर्षं रोज रात्री हेच शोधतोय. सिरियसली सांगायचं तर प्रत्येक प्लॉटच्या पोटात गाडी कोंबण्यापेक्षा पाच-सात वाड्यांना मिळून एका जागी पार्किंग द्या आणि बाकीचे तळमजले मोकळे सोडा, हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतो आणि प्रत्येक मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं की माझी गाडी शेजाऱ्याच्या जागेत का. सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडईला भुयारी मेट्रोची स्टेशनं सुरू झाली आहेत, त्यामुळे गाडीशिवाय येणं सोपं झालंय. डिसेंबरात पादचारी दिनाला लक्ष्मी रोडचा एक तुकडा गाड्यांना बंद करतात ना, त्या दिवशी दुकानदारांच्या चेहऱ्याकडे बघत चाला, सकाळी वैतागलेले असतात आणि संध्याकाळपर्यंत बरेच निवळतात.

आमचा वाडा आहे, पाडू का ठेवू?

फोटो पाठवून हे विचारू नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला नेऊन तुळयांची टोकं टोचून बघा, भिंतीत शिरलेली टोकंच आधी कुजतात. पॅट्रिक गेडिस नावाचा एक स्कॉटिश माणूस १९१४ पासून हिंदुस्थानात गावोगाव फिरत होता, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला आला. साहेबलोक जुन्या वस्तीतून सरळ रेघ मारून रस्ता काढायचे तेव्हा हा म्हणायचा की अख्खा पाय कापू नका, जिथे सडलंय तेवढंच काढा, एक पडकं घर पाडलं की तिथे मोकळा चौक होतो आणि बाकीची दहा घरं श्वास घेतात. वाड्याला हेच लागू. मागचा सोपा, म्हणजे मागची ओसरी, गेला असेल तर तो पाडून तिथे नवीन चढवा, पुढचा भाग आणि ओटा धड असेल तर राहू द्या. परवडत नसेल तर पाडा बिनधास्त, मी काही रडायला येणार नाही, फक्त नव्या प्लॅनवर सही करायच्या आधी तळमजल्याचा नकाशा मागून बघा, वरच्या फ्लॅटचा नाही.

तुम्ही स्वतः कुठे राहता?

धायरीत, सातव्या मजल्यावर. हसा.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे शाळा आहे, बाल्कनीतून फळा दिसतो म्हणा ना. पण मेन गेटने वळसा घालून जायला सव्वा किलोमीटर, म्हणून चाळीस पोरं रोज तीन व्हॅनमधून जायची. मागे एक छोटं गेट होतं, बिल्डरने दिलेलं, कुलूप लावलेलं. ते उघडा म्हणून मी पहिला अर्ज दिला तेव्हा मुलगी दुसरीत होती. सेक्रेटरी म्हणाले चोर येतील, खजिनदार म्हणाले एक वॉचमन वाढवावा लागेल, एका काकांनी तर विचारलं की तुमचं त्या शाळेत काही कमिशन आहे का. चौदा महिने आणि तीन जनरल बॉडी मीटिंगा गेल्या. आता सकाळी सात ते आठ आणि दुपारी साडेबारा ते दीड गेट उघडतं. तिथे टेकायला काही नव्हतं म्हणून कोणीतरी टाइल्सचे दोन उरलेले खोके आणून ठेवलेत, आणि शाळा सुटायच्या आधी त्यावर आज्या येऊन बसतात. सेक्रेटरींनी खोके हलवायची नोटीस लावली आहे. अजून कोणी हलवलेले नाहीत.